गोलकीपरवरचा परिच्छेद

ठाण्याच्या एका साप्ताहिकात मी इंग्रजी वर्तमानपत्रांतला मजकूर मराठीत उतरवीत असे. विलायती पत्रे मागवणे छापखान्याला परवडत नव्हते. कल्याणला एक गोरा फोरमन ती मागवी आणि वाचून झाली की आम्हाला देई. वाचायचो मी, तो ऐके. इंजिनशेडमध्ये वाफ डोळ्यांवर आल्यापासून त्याला माणूस दिसे, अक्षर दिसत नसे. नोकरी सुटली तरी तो मायदेशी गेला नाही. कल्याणलाच भाड्याच्या बंगलीत राहिला.

दर रविवारी जेवून मी गाडीने कल्याणला जाई, दोन तास वाचे आणि गठ्ठा काखेत मारून परत येई. माझे कुटुंब गावी होते. रविवारी माझ्याशी बोलणारे दुसरे कोणी नव्हते. त्याच्याकडेही कोणी येताना मी पाहिले नाही.

त्याचा धाकटा भाऊ मायदेशी फुटबॉल खेळे. वडिलांच्या शेवटच्या आजारात फोरमन रजा घेऊन गेला नाही, यावरून दोघांचे तुटले. नऊ वर्षे पत्र नव्हते. पुढे वर्तमानपत्रातच बातमी आली की देशाच्या संघात भावाची गोलकीपर म्हणून निवड झाली आहे. सामना शेजारच्या देशाशी, स्नेहाचा. जिंकणाऱ्याला काही मिळायचे नव्हते.

सामन्याची बातमी असलेली डाक पोचली त्या रविवारी त्याची स्वयंपाकीण दारातच उभी होती. कोलशेतची ख्रिस्ती बाई, तोंडाने तिखट.

"बाबू, चला लवकर. गाडी आली का, गाडी आली का, सकाळपासून डोकं खाल्लंय साहेबानं. तीन वेळा चहा केला, तीनही वेळा गार करून प्यायला."

फोरमन खुर्ची पुढे ओढून बसला होता. "आधी वाच, मग पत्र लिहायचंय," तो म्हणाला. "नऊ वर्षांत मला सुरुवात सापडली नाही. आता खेळावरून करतो. हरले असतील तरी चालेल. तो कसा खेळला ते सांग."

बातमी अर्धा रकाना होती. मोठ्याने वाचण्याआधी मजकुरावरून नजर फिरवण्याची मला सवय होती. हार मोठी होती. पूर्वार्धात गोलकीपरने दोन अवघड फटके अडवले, असे एक वाक्य होते. शेवटचा परिच्छेद मात्र पूर्ण त्याच्यावर होता. उत्तरार्धात तो नुसता उभा होता, हातात आलेला चेंडू त्याने स्वतःच गोलात सोडला, प्रेक्षक हसले, त्याला पुन्हा बोलावण्याचे कारण दिसत नाही.

छापखान्यात माझे अर्धे काम गाळण्याचे. रकाना भरला की शेवटचा परिच्छेद उडतो. मी तोच गाळला. बाकीचे जसेच्या तसे वाचले. पदरचा एक शब्द घातला नाही.

"संपलं?"

"संपलं, साहेब."

"शेवटी कुणाला तरी झोडल्याशिवाय राहत नाहीत हे लोक."

"जागा पुरली नसेल."

तो मोठ्याने हसला. "म्हणजे तुमच्या पेपरासारखंच झालं!"

मग त्याने पत्र सांगितले. देश हरला, पण तू उभा राहिलास. पेपरातलं सगळं मी ऐकलं. मला तुझा अभिमान वाटला.

"'सगळं'च्या खाली रेघ ओढ," तो म्हणाला.

माझा टाक थांबला.

"शाई संपली का, बाबू?"

"नाही, साहेब."

मी रेघ ओढली. पत्र स्टेशनवरच्या पेटीत माझ्याच हाताने टाकले.

उत्तर आले तेव्हा त्याने पाकीट फोडले नव्हते. बाईने सांगितले की आठवडाभर ते उशाशी घेऊन निजतो. मी वाचले. भावाने लिहिले होते, 'सगळं ऐकलंस, त्याखाली रेघही ओढलीस. मैदानावर लोक हसले ते मी सोसलं. समुद्रापलीकडून तूही हसशील असं वाटलं नव्हतं. पुन्हा लिहू नकोस.'

या वेळी मी काही गाळले नाही.

"मी वाईट काय लिहिलं?" त्याने विचारले.

मी सांगितले. परिच्छेद मला पाठ होता. तो म्हणून दाखवला. त्याने पुन्हा म्हणायला लावला, आणि मी पुन्हा म्हटला.

"मी त्यांना लिहितो," मी म्हणालो. "चूक माझी होती असं."

"तेही मीच लिहवून घेतलं असं म्हणेल तो." खुर्ची मागे सारून तो म्हणाला, "मला दिसत नाही, बाबू. ऐकवतही नाही, हे तुला कुणी सांगितलं?"

पुढच्या रविवारी बाईने गठ्ठा दारातच माझ्या हातात दिला. "साहेब निजलाय," ती म्हणाली. आत त्याची खुर्ची करकरत होती. गठ्ठ्याची सुतळी विलायतेहून आली तशीच बांधलेली होती.

वर्तमानपत्रे त्याने बंद केली नाहीत. मीही जाणे बंद केले नाही. दारात गठ्ठा घ्यायचा आणि मिळेल त्या गाडीने परतायचे, असे वर्षभर चालले. पुढच्या वर्षी त्याच दोन देशांचा सामना झाला. कल्याणच्या फलाटावर बाकावर बसून मी ती बातमी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. गोलकीपर दुसराच कोणी होता. मी उठून पुलापर्यंत गेलो. तिथून बंगलीचे दार दिसे. ते लावलेले होते. तेवढ्यात ठाण्याच्या गाडीची घंटा झाली.