मासे वर येत होते

कॉलेजात वीस वर्षं मी मासे शिकवतो. मासा तरंगतो तो पोटातल्या वाताशयामुळे. ही हवेची पिशवी कमी-जास्त फुगवून तो हव्या त्या खोलीवर राहतो. श्वास घेतो कल्ल्यांनी, पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर. फळ्यावरची आकृती मी डोळे मिटून काढतो. जिवंत मासा मात्र कधी सांभाळला नव्हता. तो सांभाळायचा माझा थोरला भाऊ, दादा. माझं शिक्षण व्हावं म्हणून त्याने सातवीतच शाळा सोडली होती.

राहुरीजवळच्या आमच्या शेततळ्यात त्याने रोहू-कटला सोडले होते. श्रावणात त्याला धाप लागायला लागली. वहिनी त्याला घेऊन नगरच्या दवाखान्यात राहिली आणि मी मासे बघायला शेतावर गेलो. "तुला काय सांगायचं? तू तर माशांचा मास्तर," निघताना दादा हसत म्हणाला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

आठवडाभर ढग हटले नाहीत. रोज सकाळी मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करायचे. भूक लागली असेल म्हणून मी खाद्य वाढवत गेलो. पाचव्या सकाळी तळंभर पांढरी पोटं.

ऊन नसलं की पाण्यातलं शेवाळ पुरेसा प्राणवायू तयार करत नाही. पडून राहिलेलं खाद्य कुजतं आणि उरलासुरला प्राणवायूही संपवतं. मग गुदमरलेले मासे वर येतात. मोटर लावून पाणी वरून सोडलं असतं तरी वाचले असते. हा प्रश्न मी परीक्षेत हमखास विचारतो! अक्कल कुठे गहाण ठेवली होती, देव जाणे.

खोटं बोलायचं ठरवूनच दवाखान्यात गेलो. वहिनी औषधं आणायला खाली गेली होती. दादाने मास्कमधून नुसतं "मासं?" विचारलं आणि मी ढसाढसा रडत सगळं सांगितलं.

त्याने मास्क बाजूला केला. "माझंच चुकलं. मोटरचं सांगाया पायजे हुतं. तुला म्हाईत आसंल वाटलं." तेवढ्यानेही त्याला दम लागला. "कुनी इचारलं तर माझं नाव सांग."

तिसऱ्या दिवशी तो गेला.

दहावं झाल्यावर वहिनीने विचारलं, "मासं कशानं मेलं हो, भावजी?"

"दादा मोटर लावायचं सांगायला विसरला," मी म्हणालो.

"दम लागल्यालं मानूस," ती म्हणाली. "न्हाई ऱ्हायलं त्यांच्या ध्यानात. तुमी राग नका धरू त्यांच्यावर."

नाही धरणार, असं मी तिला सांगितलं.