खुब्याची सोनोग्राफी

“अम्मा, पाँव सीधे नक्को बांधो!” सोनोग्राफीवाल्या डॉक्टरीणबाई अशा ओरडल्या, की विद्यानगरातून निघालेला आवाज अफझलगंजच्या बसमध्ये नक्की ऐकू गेला असणार. माझ्या आईचा गुन्हा एवढाच, की दोन महिन्यांच्या नातीचे पाय तिने दुपट्यात सरळ गुंडाळायला घेतले होते.

मुलीचा डावा खुबा सैल वाटतो, म्हणून बालरोगतज्ज्ञांनी आम्हांला इथे पाठवलं होतं. परदेशी मशिनं शहरात तेव्हा नुकती येऊ लागली होती आणि सोनोग्राफी म्हणजे पोटातलं बाळ बघणं, एवढंच लोकांना ठाऊक. “बाळ तर बाहेर आलंय, आता काय बघणार?” असं आईने रिक्षात सतरा वेळा विचारलं.

बाई आमच्यावर गरजत, पण बाळाशी कुजबुजत. गार जेली तळहातावर इतका वेळ उबवत, की तेवढ्यात पंगत उठली असती. मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “गोला कटोरी में बराबर नहीं बैठा. पट्टा बांधना पड़ता. मेंडक के वैसे पाँव रहते, कुछ महीने.”

“चालेल ना हो ती?” माझा आवाज जन्मात पहिल्यांदा बारीक झाला.

बाळाच्या मांडीवरची जेली पुसत त्या म्हणाल्या, “चलेगी. पट्टा नक्को खोलो.”