मधूचे बेडूकमासे

महिना होत आला. फोन आला तेव्हा मी शेंगदाणे भाजत होते. शिकवता शिकवता मधू वर्गातच कोसळला, दवाखान्यात नेईपर्यंत गेला, असं त्याच्या कॉलेजातला शिपाई सांगत होता. मी 'बरं' म्हणाले, गॅस बंद केला, शेंगदाणे डब्यात भरले. धाकटा भाऊ गेल्यावर कुणी असं करतं का? मी केलं. रडू आलंच नाही... बायका माझ्या तोंडाकडं बघायच्या, मला त्याचाही राग येत नव्हता.

मधू परभणीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. त्यानं लग्न केलं नाही, माझं मोडलं. पिंगळीच्या घरात आम्ही दोघंच. पावसाळ्यात तो अंगणातल्या टबात बेडूकमासे आणून सोडायचा. मी नाक मुरडलं की म्हणायचा, "अक्का, ह्यांच्या पेशींत थायरॉईडचं हार्मोन पकडणारे रिसेप्टर हायेत. रक्तात हार्मोन येत न्हाई तवर ते ह्यांना बदलू देत न्हाईत, दाबून धरतात. आधी नीट मोठं होऊ दे, म्हणतात. हार्मोन आलं की तेच रिसेप्टर मागं लागतात. पायाला म्हणतात वाढ, शेपटीला म्हणतात मर."

"एकाच हुकमात जगणं आन् मरणं? लय अवघड बाबा तुझं!"

पुढचे पाय फुटले की तो टबातलं पाणी कमी करून मधे वीट ठेवायचा. कल्ले जातात, फुप्फुसांनी श्वास घ्यावा लागतो; टेकायला जागा नसली तर बेडूकसुद्धा बुडून मरतो, म्हणे. "बेडूक बुडतो? काहीही सांगायलास!" म्हणून मी हसायची.

आमच्याकडं सुतकाच्या घरी शेजारी पाणी भरतात. शेजारची कमलबाई रोज हंडे भरून जायची. एका सकाळी तिनं मायेनं मधूच्या बेडूकमाशांचा टबही भरला, काठोकाठ. शेवाळलेली वीट घासून भिंतीला लावून ठेवली. तिचा काय दोष? दुपारी मी अंगणात आले तर दोन-तीन पिल्लं पोट वर करून तरंगत होती. बाकीची काठाशी धडपडत होती... पाय फुटलेले, शेपट्या अजून पुरत्या विरलेल्या नाहीत.

मी टब कलंडवून पाणी कमी केलं, वीट परत मधे ठेवली. ओंजळीनं एकेकाला विटेवर ठेवलं.

"अक्का, सुतकात काय करायलाव हे?" कमलबाई धावत आली.

एक पिल्लू निपचित पडलं होतं. मी बघत राहिले, बघत राहिले... आणि त्याचा गळा हलला.

"मधू, लवकर ये! जगलं रे हे!" मी घराकडं तोंड करून ओरडले.

आतून कोण ओ देणार? कमलबाईनं माझा ओला हात धरला. मधू गेला, हे मला तेव्हा कळलं.