हनुवटीवरचं गोंदण

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात एक बाई बिडकीन गावाहून शहरात, गुलमंडीतल्या माझ्या फोटो स्टुडिओत आली. रुमालात गुंडाळलेला मोबाइल तिनं जपून उघडला. त्यात तिच्या वारलेल्या आईचा एकुलता एक फोटो होता, चारा छावणीत दिवेलागणीला काढलेला. अंधारामुळं त्यावर सगळीकडं बारीक दाणे उठले होते.

“मायला जरा साफ करून द्या, दादा.”

मी कॉम्प्युटरवर दाणे घालवले. चेहरा लख्ख झाला, तशी मोठ्या ऐटीत मी स्क्रीन तिच्याकडं वळवली. ती बघत राहिली. मग स्वतःच्या हनुवटीवर बोट टेकवून म्हणाली, “इथलं गोंदण कुठं गेलं? लहानपणी त्याच्यावर बोट ठेवल्याबिगर झोप येत नव्हती मला. ही बाई लई देखणी हाय, पण माझी माय नाय.”

दाण्यांसोबत सॉफ्टवेअरनं ते तीन हिरवे ठिपकेही पुसले होते. मी ठिपके परत आणले, तसे दाणेही आले. तिनं तोच फोटो छापून घेतला. जाताना तिचं बोट कागदावरच्या हनुवटीवर होतं.

आता बिडकीनला कारखाने आलेत; तिथं कामाला जाणाऱ्या पोरी फोटो काढायला येतात. चेहरा साफ करण्याआधी मी अजून हनुवटी बघतो. ती कोरीच असते.