सरकून बसणं

या शहरात नोकरीला येऊन आठ महिने झाले. दर रविवारी इथल्या ख्रिस्ती देवळात मी शेवटच्या बाकावर बसते, पर्स शेजारी ठेवते आणि उपासना संपली की कुणालाही सलाम न करता निघते. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. पण आपणहून ओळख काढायला जीभ वळत नाही.

गेल्या रविवारी मला उशीर झाला. माझ्या बाकावर एक म्हाताऱ्या बाई एकट्याच बसल्या होत्या. मला बघताच त्या सरकल्या. सगळा बाक रिकामा असताना!

"मावशी, जागा आहे की," मी म्हटलं.

"जागा तर हायेच. पण आपण सरकलो की येणाऱ्याला बोलावल्यागत वाटतं. शिकलेली दिसतीस, एवढं कळंना? बस आता."

शेजाऱ्यावरच्या प्रीतीवर भाषण करून मी कॉलेजात बक्षीस मिळवलं होतं. त्यात हे सरकणं कुठंच नव्हतं. आणि इकडे माझी पर्स आठ महिने एका माणसाची जागा अडवून बसली होती.

आज मावशी आल्या नाहीत. शेवटचं गीत सुरू झालं तरी मी दाराकडे बघत होते. कुणीच येत नव्हतं. तरी पर्स मांडीवर घेतली आणि थोडी सरकून बसले.