जावईबापूंचं ताट

आळेफाट्याला खाली पुखराजशेठचं धान्याचं दुकान आणि वर गच्चीत त्यांच्या गुलाबबाईंचा दरबार. दरबारात पारवे, चिमण्या, साळुंक्या आणि एक होला. हा होला सगळ्यांत उशिरा यायचा, बाकीच्यांना ढकलून मधोमध बसायचा आणि पोट भरलं की मागं वळूनही बघायचा नाही. म्हणून बाईंनी त्याचं नाव ठेवलं होतं जावईबापू.

बाईंचा नेम चाळीस वर्षांचा. पाखरांनी दाणे टिपल्याशिवाय चहाचा घोटसुद्धा घ्यायचा नाही.

यंदा श्रावणात दुकानाचा पत्रा गळला आणि बाजरीचं पोतं भिजलं. शेठ म्हणाले, "गिऱ्हाइकाला दिलं तर पाप लागेल. पाखरांना घाल, पुण्य लागेल." एकाच पोत्यात पाप टळून पुण्य पदरात पडतंय म्हटल्यावर बाई कशाला नाही म्हणतील? त्यांनी ढेकळं हातानं फोडली, हिरवट धुळीनं दोनदा शिंकल्या आणि दाणे गच्चीत पसरले.

पंधरा दिवसांनी जावईबापू चक्क सगळ्यांच्या आधी हजर. पिसं फुगलेली, चोच उघडी, श्वासागणिक शेपूट खालीवर. दाण्याला काही शिवला नाही. बाईंनी पाणी ठेवलं, मीठमोहऱ्या ओवाळल्या, नवकार म्हटला. शेवटी जनावरांचे डॉक्टर संपतभाऊ यांना फोन केला. ते पोचेपर्यंत होला बाईंच्या ओंजळीतच गेला. बाई ढसाढसा रडल्या. सख्खा जावई दोन वर्षं फिरकला नव्हता, त्याच्यासाठी त्या कधी एवढ्या रडल्या नव्हत्या.

संपतभाऊ पाखरू तपासायला घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले.

"काकू, फुप्फुसात बुरशी धरली व्हती. तिची धूळ लई बारीक, श्वासाबरोबर आत जाती. दाणे कुठले घालता?"

बाईंनी पोतं दाखवलं. संपतभाऊंनी मूठभर बाजरी नाकाशी नेली. "हे तुमी खाल का?"

"मी?" बाई फणकारल्या. "आम्ही जैन आहोत. बुरशी धरलेला पापड आमच्या घरात दिसायचा नाही..."

आणि बोलता बोलता त्यांनी पोत्याचं तोंड घट्ट आवळलं. त्याच दुपारी पोतं खड्ड्यात गेलं आणि बाईंनी गच्ची पाणी मारून धुतली.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर बाईंनी नवी बाजरी चाळली, हुंगली आणि चिमूटभर तोंडात टाकली. कठड्यावर पारवे ताटकळले होते.

"अगं, चाळीस वर्षांचा नेम मोडलास," शेठ म्हणाले.

बाई दाणे चावत राहिल्या. "मोडू दे. जावयाला मानानं आधी वाढत आले. काय वाढतेय, ते कधी चाखलं नाही."

मग त्यांनी दाणे पसरले. पारवे उतरले. मधल्या जागेसाठी आज कुणी कुणाला ढकललं नाही.