अक्कांना चुकवताना

बाजारात, बसस्टँडवर, लग्नाच्या मांडवात, कुठेही ओळखीची मुलगी दिसली की अक्का तिची वाट अडवून उभ्या राहायच्या. पदर खोचलेला, गुडघे वाकलेले, एक पाय पुढे, हात पसरलेले. "चाल, मले चुकव!"

आमच्या गावात, असोद्यात, आम्हा मुलींना फुटबॉल त्यांनी शिकवला. शाळेत त्या खेळाच्या मॅडम, मैदानावर अक्का. आता रिटायर होऊन नाशिकला लेकाकडे असतात. त्यांचा सगळा जोर एकीविरुद्ध एक या खेळावर. समोर एकच मुलगी, मध्ये बॉल. तिला चुकवून जायचं, नाहीतर तिच्याकडून बॉल काढायचा. "अकरा जणी मंग. आधी एकीले तं पाहून घे," म्हणायच्या.

बॉल काढण्यात आम्ही लवकर तयार झालो. "तिच्या तोंडाकडे पाहू नको, बॉलकडे पाह्य," असा त्यांचा धडा, आणि खाली मान घालून चालायची सवय घराने आम्हाला आधीच लावलेली. मला त्या सवयीची चीड होती. अक्का म्हणाल्या, "नुसती चिडू नको. वापरून घे तिले."

अडलं ते चुकवण्यात. तुम्हीही पाहिलं असेल, आपल्याकडे कुणाला पाय लागला की हात आपोआप खाली जातो, त्या माणसाला शिवून छातीशी येतो. जयू आमच्यातली सर्वांत चपळ. बॉल घेऊन सुसाट यायची, समोरच्या मुलीला पाय लागला की जागीच थांबून नमस्कार करायची. तोवर बॉल गेलेला.

"अवं माय, पाया मंग पड!" अक्का ओरडायच्या.

"हात आपोआप जातो, अक्का."

हसून हसून आमची पोटं दुखायची. पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. गावातल्या पुढाऱ्यांनी मैदान आम्हाला अटीवर दिलं होतं. धुळ्याची मॅच जिंकलात तर ठेवा, नाहीतर संध्याकाळी तिथे मुलांचं क्रिकेट. मुलांना कधी कुणी अशी अट घातल्याचं मी ऐकलेलं नाही. आणि गोल करू शकेल अशी आमच्याकडे जयू एकटीच.

मग अक्का स्वतः तिच्यासमोर उभ्या राहू लागल्या. सारं गाव ज्यांच्यापुढे वाकतं, त्यांच्याच पायांजवळून बॉल न्यायचा! जयू अलीकडेच थांबायची. धुळ्याला जायच्या आदल्या संध्याकाळीसुद्धा थांबली.

"मोठ्या माणसाले कसं चुकवू?"

"मोठी मी शाळेत. इथी मी चोर हाये. तुहं मैदान घेऊन चालली. जाऊ देशील मले?"

जयूचा चेहरा बदलला. ती आली, डावीकडे झुकली, अक्काही तिकडे वळल्या, आणि ती दुसऱ्या बाजूने निघाली. पायात पाय अडकला. अक्का धपकन धुळीत बसल्या. जयू घाबरून मागे वळली.

"मांगं काहाले येते वं? गोल कर!"

तिने केला. अक्कांचा घोटा मात्र टम्म सुजला. दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या बसमध्ये पट्टी बांधलेला पाय समोरच्या पिशवीवर ठेवून त्या कंडक्टरपासून सगळ्यांना सांगत होत्या, "हिनं पाडलं मले. हिनं!" जयूने लाजून तोंड खिडकीकडे फिरवलं होतं.

मैदानाच्या कडेला अक्कांना खुर्ची दिली. मॅच संपत आली तरी गोल कुणाचाच नव्हता. मग जयूला बॉल मिळाला. समोर एकच मुलगी, चांगली उंचीपुरी. जयू अंगावर गेली. पायाला पाय लागला, मला स्पष्ट दिसलं. तिचा हात जराही खाली गेला नाही. ती पुढे, बॉल पुढे, आणि जाळी हलली.

त्या एका गोलवर आम्ही जिंकलो, मैदान राहिलं. पण गोल झाला तेव्हा, जयूला मिठी मारून मी मागे पाहिलं, तर खुर्ची रिकामी. अक्का एका पायावर उड्या मारत मैदानाच्या मधोमध पोचल्या होत्या. रेफ्री शिट्टी फुंकत, दोन्ही हात पसरून त्यांना अडवायला धावला. अक्कांनी खांदा एकीकडे टाकला, तो तिकडे झुकला, आणि त्या त्याच्या दुसऱ्या काखेखालून निसटल्या.